व्हिएतनामला दहा दिवस : बॅगेत मेतकूट न्यावं की तिथलंच खावं?

केळफूल

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं व्हिएतनामला जातोय. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझी आई. हनोई, हुए, होई आन आणि शेवटी हो ची मिन्ह सिटी, असे दहा दिवस. तिकिटं काढून झाली, ई-व्हिसाचे अर्जही भरले. आता घरात रोज रात्री एकाच विषयावर बोलणं चालू असतं, ते म्हणजे खाणं.

नवरा मासे-चिकन सगळं खातो. मुलगा अंडं खातो आणि नवं काहीही चाखायला तयार असतो. आई ६८ वर्षांची, देवरुखची, जन्मभर शाकाहारी. त्यात तिचा चातुर्मास कार्तिकी एकादशीपर्यंत, म्हणजे दिवाळीत कांदा-लसूणसुद्धा नाही. ती म्हणते, "माझी काळजी करू नका, मी केळी खाऊन राहीन." मला नेमकं तेच नकोय. तिने आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढलाय. आम्ही जेवत असताना तिने शेजारी बसून केळं सोलावं, हे मला बघवणार नाही.

बहीण म्हणते, छोटा राईस कुकर, मेतकूट, भाजणी, थेपले सगळं ने. मला वाटतं, इतक्या लांब जायचं आणि हॉटेलच्या खोलीत दार लावून मेतकूट-भात खायचा, तर मग जायचंच कशाला? पण माझ्या हौशीसाठी आईच्या पोटाचे हाल करायचे का, हाही प्रश्न आहेच. जाऊन आलेल्यांनी, तिथे राहणाऱ्यांनी मोकळेपणाने लिहा.

मृद्गंध

वाचतेय. आम्हीही फेब्रुवारीत जायचं म्हणतोय.

रानवाटा

दोन वर्षांपूर्वी एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. चाळीस जण आणि बरोबर आचारी. हा लाँगच्या खाडीत बोटीवर सकाळी पोहे, दुपारी वरण-भात आणि बटाट्याची भाजी, रात्री पावभाजी. आचारी पहाटे चारला उठायचा, त्याच्या कष्टांना मी नाव ठेवणार नाही. पण हनोईच्या जुन्या शहरात फूटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर माणसं वाफाळते वाडगे घेऊन बसलेली असायची, कोळशावर काहीतरी भाजल्याचा वास यायचा आणि आमची बस भारतीय हॉटेलकडे वळायची. मी खिडकीतून बघत राहायचो. शेवटी परतताना विमानतळावर फो, म्हणजे त्यांचं शेवयांचं सूप, खाल्ला, तोही कागदी वाडग्यात. अजून हळहळ वाटते.

माझं मत स्पष्ट आहे. काही नेऊ नका.

भाकरतुकडा

रानवाटा, हळहळ समजते, पण 'काही नेऊ नका' असं सरसकट सांगू नका. माझे वडील ७४ वर्षांचे, मधुमेही. दुसऱ्या एका देशात आम्ही असंच ठरवून गेलो होतो की तिथलंच खायचं. पहिले दोन दिवस त्यांना काही गेलंच नाही. लाजेने बोललेही नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी साखर इतकी उतरली की रस्त्याच्या कडेला खाली बसले. बायकोच्या पर्समध्ये राजगिऱ्याचे लाडू होते म्हणून निभावलं.

त्यानंतर त्यांनी इतका धसका घेतला की उरलेल्या सहलीत एकही नवा पदार्थ चाखला नाही. माझी खात्री आहे, पहिल्या रात्री पोटभर मऊ भात मिळाला असता तर पुढे त्यांनी आपणहून काहीतरी मागितलं असतं. पोट भरलेलं असलं की माणूस धीट होतो. केळफूल, मेतकूट नक्की न्या. कुकरही न्या.

मृद्गंध

भाकरतुकडा, +१. माझ्या सासूबाईंचं अगदी असंच झालं होतं.

सायगावकर

मी सहा वर्षं हो ची मिन्ह सिटीत आहे. केळफूल, तुमच्या आईंसाठी जगातल्या फार थोड्या जागा इतक्या सोयीच्या असतील. जरा सविस्तर लिहितो.

इथे 'चाय' म्हणजे चहा नव्हे, चाय म्हणजे शाकाहारी जेवण. 'क्वान चाय' किंवा 'कम चाय' अशी पाटी दिसली की निश्चिंत आत शिरायचं. इथला बौद्ध धर्म मुख्यतः महायान परंपरेतला. त्यातले भिक्षू कायम शाकाहारी असतात आणि बरीच घरं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चाय पाळतात. पहिला दिवस 'मुंग मोत', पंधरावा 'रम'. आता पंचांग समोर घ्या. आपलं लक्ष्मीपूजन अमावास्येला, आणि यांचा मुंग मोत त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी. म्हणजे तुमच्या ऐन दिवाळीत यांचा शाकाहाराचा दिवस येतो. एरवी डुकराचं मांस विकणाऱ्या काही गाड्यांवरसुद्धा त्या दिवशी टोफू आणि मश्रूम असतात.

दुसरी गोष्ट ऐकून आई खूश होतील. चाय स्वयंपाकात परंपरेने कांदा, लसूण, पातीचे प्रकार असे पाच उग्र वासाचे जिन्नस वर्ज्य. हल्ली शहरातल्या सगळ्या खानावळी ते काटेकोर पाळत नाहीत, पण पॅगोडाजवळच्या बऱ्याच पाळतात. विचारायचं.

आता धोका कुठे, तेही सांगतो. साध्या हॉटेलात 'मांस नको, फक्त भाजी' सांगून भागत नाही. पालेभाजी परतताना न्योक माम, म्हणजे माशाचं पाणी, सहज पडतं. नाहीतर 'हात नेम' नावाची दाणेदार पूड पडते, आणि ती बहुतेक वेळा डुकराच्या मांस-हाडांच्या अर्काची असते. त्यांच्या लेखी ते मीठच. कोणी फसवत नसतं. म्हणून 'मांस नको' न म्हणता 'तोय आन चाय', मी चाय खातो, असं म्हणायचं. या तीन शब्दांत त्यांना सगळं कळतं, आणि समोरच्याच्या बोलण्यात एकदम आदर येतो.

तुमच्या यजमानांसाठी : बो म्हणजे गोमांस, गा म्हणजे कोंबडी, का म्हणजे मासा, तोम म्हणजे कोळंबी. डुकराला दक्षिणेत हेओ, उत्तरेत लोन. फो गा कोंबडीचा, फो बो गोमांसाचा. ज्यांना बो चालत नाही त्यांनी फक्त फो गा विकणारं दुकान शोधावं, कारण मिश्र दुकानात पळी कुठल्या पातेल्यातून कुठे जाईल सांगता येत नाही.

खारीबटर

सायगावकर, तुम्ही साताऱ्याकडच्या सायगावचे की 'त्या' सायगावचे? :)

सायगावकर

दोन्ही! मूळ गाव जावळी तालुक्यातलं, नोकरीचं गाव हे, हो ची मिन्ह सिटीचं जुनं नाव सायगाव. ऑफिसातल्या मंडळींना आधी खरंच वाटलं नाही, मग नकाशावर शोधलं आणि त्या दिवशी सगळ्यांनी मला कॉफी पाजली.

शिरवळे

सायगावकरांचा प्रतिसाद साठवून ठेवला. मी मालवणची. मागच्या वर्षी तिथे पंधरा दिवस होते आणि रोज वाटायचं की हे सगळं आपल्या आजीला दाखवायला हवं होतं.

सकाळी बाजारात एक बाई पातेल्यावर फडकं ताणून त्यावर तांदळाचं पातळ पीठ पळीने पसरत होती. झाकण ठेवलं, अर्ध्या मिनिटात बांबूच्या काडीने पापुद्रा अलगद उचलला. ओली सालपापडीच की हो! त्यात सारण गुंडाळलं की बान कुऑन, आणि पापुद्रा बांबूच्या जाळीवर उन्हात वाळवला की बान चांग. मेकाँग नदीकडच्या गावांत अंगणभर अशा जाळ्या पसरलेल्या असतात. आमच्याकडे वैशाखात गच्चीवर दिसायचं तसंच.

तांदळाच्या बारीक शेवया, बून, म्हणजे आमच्या शिरवाळ्या. फरक इतकाच की आम्ही गुळाच्या नारळरसात बुडवतो, ते आंबट-तिखट पाण्यात. बान सेओ म्हणजे तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध घालून केलेलं मोठं कुरकुरीत धिरडं. 'सेओ' हा तव्यावरचा चर्र आवाज. पदार्थाला आवाजाचंच नाव! केळफुलाची कोशिंबीर करतात, कच्ची, बारीक चिरून, लिंबू मारून. (केळफूल, हे खास तुमच्यासाठी.) माशाच्या आंबट आमटीत, कान चुआमध्ये, चिंच, अननस, भेंडी आणि अळूच्या जातीची देठं असतात. 'चे' नावाचा गोड प्रकार मूग, नारळाचं दूध आणि साखरेचा. गोव्याचं मणगणं आठवा, चणाडाळीऐवजी मूग घाला.

मांगुस्तान मिळाले तर सोडू नका. रातांब्याच्याच कुळातलं फळ. साल तशीच जांभळी, पण आतल्या पांढऱ्या पाकळ्या इतक्या गोड की रातांब्याला नातेवाईक म्हणवून घ्यायला अभिमान वाटावा.

उंबरठा

शिरवळे, प्रतिसाद सुंदर आहे, पण एक गोष्ट मला मनापासून खटकते, ती सांगतो. प्रत्येक पदार्थाला 'आपल्या अमुकसारखा' म्हटलं की त्याचं स्वतःचं काही उरत नाही. न्योक मामचं उदाहरण घ्या. छोटे मासे आणि मीठ लाकडी पिंपात थरावर थर रचून साधारण वर्षभर ठेवतात, आणि तळाच्या तोटीतून जे तांबूस पाणी गळतं ते न्योक माम. फू क्वोक बेटाच्या न्योक मामला २०१२ साली युरोपीय संघाने भौगोलिक नावाचं संरक्षण दिलं. याला आपल्याकडे जोड नाही. सुकट नाही, जवळा नाही. पहिल्या वासाला नाक मागे येतं आणि चौथ्या दिवशी ते नसलं तर जेवण सपक लागतं. ही ओळख सावकाश होते. 'अरे, हे तर आपलंच' म्हणत गेलं तर ती होतच नाही.

तीच गोष्ट पानांची. ताटभर कच्ची पानं येतात : पुदिन्याचे प्रकार, तुळशीचे प्रकार, जांभळी तिया तो, तिखट राउ राम. आपण कोथिंबीर वरून भुरभुरतो, ते पानंच जेवतात. आपल्या स्वयंपाकात असा विचारच नाही, आणि म्हणूनच ते तिथे जाऊन खायचं.

शिरवळे

उंबरठा, तुमचं न्योक मामबद्दलचं म्हणणं मान्य. पण केळफूलच्या आई पहिल्यांदा देशाबाहेर जाताहेत. अनोळखी ताटात बोट ठेवायला एक तरी ओळखीची जागा लागते. सालपापडी दिसली की हात पुढे होतो. मग पुढचा घास बान कुऑनचा म्हणून खाता येतो. मी पंधराव्या दिवशी त्याला सालपापडी म्हणत नव्हते.

उंबरठा

हे पटलं.

चहाबाज

थोडं अवांतर. कॉफीबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? कॉफीच्या उत्पादनात ब्राझीलनंतर व्हिएतनामचाच क्रमांक, आणि रोबस्टामध्ये तर पहिला. फ्रेंच मिशनऱ्यांनी १८५७ च्या सुमारास रोपं आणली. 'फिन' नावाची छोटी गाळणी पेल्यावर ठेवतात, थेंब थेंब कॉफी खालच्या घट्ट गोड दुधावर पडत राहते. घाई करायची सोयच नाही. हनोईतली अंड्याची कॉफी १९४६ मधली. दुधाची टंचाई होती म्हणून हॉटेल मेट्रोपोलमध्ये काम करणाऱ्या न्युएन व्हान ज्यांग यांनी अंड्याचा बलक साखरेबरोबर फेसून दुधाऐवजी घातला. त्यांच्या घरच्यांचं दुकान आजही चालू आहे. चिरंजीवांना त्या फेसाचा एक चमचा नक्की द्या.

सायगावकर

चहाबाज, आणि हुएची मीठ घातलेली कॉफी? ती प्यायल्यावर तुम्हाला नाव बदलावं लागेल.

चहाबाज

नाव राहू दे, तिकीट बघतोय.

डॉ_कडूलिंब

दोन गोष्टी, कारण एवढ्या लांबलचक धाग्यात कोणी लिहिल्या नाहीत. घरात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तिथे फार जपावं लागेल. कोशिंबिरीवर, शेवयांवर, गोडावर, सगळीकडे दाणे असतात. दक्षिणेत 'दाउ फोंग', उत्तरेत 'लाक'. हे शब्द कागदावर त्यांच्या लिपीत लिहून ठेवा.

दुसरं, पानं कच्ची असतात. पहिले दोन दिवस आईंना शिजवलेलंच द्या, म्हणजे प्रवासाचा शीण आणि नवं अन्न एकदम अंगावर यायचं नाही. जलसंजीवनीची पाकिटं हातातल्या पर्समध्ये ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

नवखा_प्रवासी

विचारायला संकोच वाटतो, पण तिथे कुत्र्याचं मांस खातात म्हणे. चुकून आपल्या ताटात आलं तर?

सायगावकर

संकोच नको, प्रत्येक पाहुणा हे विचारतो. मुख्यतः उत्तरेत काही जण खातात, बरेच व्हिएतनामी लोक अजिबात खात नाहीत, आणि तरुणांमध्ये विरोध वाढतोय. होई आन शहराने २०२१ मध्ये कुत्र्या-मांजरांच्या मांसाचा व्यापार बंद करत नेण्याचा करार केला. ते मांस वेगळ्या दुकानांत मिळतं, पाटीवर 'थित चो' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. नेहमीच्या खानावळीत ते मिसळलेलं असेल अशी धास्ती बाळगू नका.

तळ्याकाठी

धागा खाण्याचा आहे, पण मी दा नांगला तीन वर्षं कामाला होतो, म्हणून लिहिणं भाग आहे. केळफूल, तुम्ही दिवाळीत हुए आणि होई आन धरलंय. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मध्य व्हिएतनामचा पुराचा काळ. होई आनच्या जुन्या गल्ल्यांत होड्या चालवाव्या लागतात, घरांच्या भिंतींवर पुराच्या रेषा असतात. आईंना घेऊन त्या दिवसांत मधला भाग करू नका. उत्तर आणि दक्षिण करा. त्या वेळी हनोईत हवा छान असते.

केळफूल

तळ्याकाठी, तुमचे आभार कसे मानू? आज नवऱ्याने हुए-होई आन रद्द करून उत्तरेतलं निन बिन आणि दक्षिणेतला मेकाँगचा भाग घेतला. आईला मात्र वाईट वाटलं. होई आनजवळ 'मी सन'ची शिवमंदिरं आहेत ना, चंपा या जुन्या राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून बांधत नेलेली. २०२० मध्ये आपल्या पुरातत्त्व खात्याला तिथे अखंड दगडाचं शिवलिंग मिळालं, ते कात्रण तिने जपून ठेवलंय. पुढच्या वेळी जाऊ असं तिला म्हटलंय खरं.

भाकरतुकडा, मेतकूट नेतेय. रानवाटा, कुकर नेत नाहीये. आल्यावर लिहीन.

---

केळफूल

परवा परतलो. सगळ्यांनी इतक्या आस्थेने लिहिलं होतं, म्हणून घाईत न लिहिता नीट लिहिते.

हनोईला रात्री अकराला पोचलो. आई दमली होती. हॉटेलमधून गरम भात मागवला आणि तिने मेतकूट-तूप कालवून खाल्ला. खाऊन झाल्यावर खिडकीशी जाऊन म्हणाली, "खाली एवढी माणसं काय खाताहेत ते उद्या बघू." भाकरतुकडा, तेव्हा तुमची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी चाय खानावळ शोधली. तिथे पहिली अडचण आली, ती इथे कोणी लिहिली नव्हती म्हणून मुद्दाम सांगते. त्यांनी प्रेमाने त्यांचा सगळ्यात चांगला पदार्थ आणला : अख्खा मासा! टोफूच्या सायीचा, वरून समुद्री शेवाळाची काळी साल, खवल्यांच्या रेघासुद्धा. आईने ताट पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. मी समजावलं, मालकीणबाईंनी तुकडा मोडून आतलं सोयाबीन दाखवलं. आई म्हणाली, "कळलं मला. पण आकार माशाचा आहे, माझ्याच्याने नाही व्हायचं." मी जोर केला नाही. त्या बाईंनी काहीही न विचारता ते ताट आमच्या बाजूला सरकवलं आणि दहा मिनिटांत टोमॅटोच्या रसातला साधा टोफू, उकडलेली नाळीची भाजी आणि त्याच भाजीचं लिंबू पिळलेलं पाणी आणलं. आईने ते पाणी दोनदा मागून घेतलं. म्हणाली, "भाजीचं पाणी फेकत नाहीत, शहाणी माणसं आहेत."

शाकाहारी वडीलधाऱ्यांना नेणाऱ्यांनी हे आधी सांगून ठेवा : चाय म्हटलं की मांसाच्या आकाराचे पदार्थ येतात. 'साधा टोफू, भाजी' असं दाखवून मागा.

पानांच्या ताटात हृदयाच्या आकाराचं एक पान होतं, 'दिएप का'. आईने हौसेने तोंडात घातलं आणि तोंड रुमालात लपवलं. त्या पानालाच कच्च्या माशाचा वास येतो! नावातला 'का' म्हणजे मासा, हे सायगावकरांनी शिकवलेलं मला तेव्हा आठवायला हवं होतं. मुलाला मात्र ते पान इतकं आवडलं की पुढे तो सगळ्यांच्या ताटातलं गोळा करत होता.

निन बिनला 'कम चाय'च्या पाट्याच पाट्या. आम्ही आनंदाने आत शिरलो, तर सगळ्या टेबलांवर बोकडाच्या मटणाचा रस्सा. तिथे कळलं की शाकाहारी भात आणि खरपूस भाजलेला भात यांचे शब्द एकच, फक्त 'चाय'चा सूर वेगळा. भाजलेल्या भाताचं 'चाय' लिहिताना a वर एक तिरपी रेघ असते. निन बिनची प्रसिद्धी त्या दुसऱ्या चायची : भाताची कुरकुरीत वडी, रश्श्यात बुडवून खायची. मुलाने मोबाइलवर दोन्ही शब्द शेजारी शेजारी दाखवल्यावर वाढणारी मुलगी मोठ्याने हसली, आणि तिने आईला रश्श्याशिवाय नुसत्या वड्या आणि सोयासॉस दिला. पातेल्याच्या तळाची खरवड आमच्याकडे भावंडांत वाटून खायचो, आईला तिथे अख्खं ताट मिळालं.

आता मुख्य गोष्ट. लक्ष्मीपूजनाला आम्ही हनोईत होतो. संध्याकाळी खोलीत छोटी पणती लावली, आईने पूजा केली. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाडव्याला, गल्लीत दारोदारी उदबत्त्या, फळांची ताटं, फुलं. मुंग मोत! आम्ही त्याच खानावळीत गेलो तर बसायला जागा नाही, रांग रस्त्यापर्यंत. मालकीणबाईंनी आईला ओळखलं, आतल्या बाजूला घरच्यांच्या टेबलावर बसवलं.

त्या दिवशी आईने पर्समधून मेतकुटाची पुडी काढली. मला क्षणभर अवघडल्यासारखं झालं, वाटलं की हिला जेवण आवडलं नाही असा त्यांचा समज होईल. पण आईने ते स्वतःच्या भातावर घातलंच नाही. थोडं वाटीत काढून त्या बाईंसमोर ठेवलं आणि खुणेने सांगितलं, भातावर घ्या. त्यांनी चिमूटभर भातावर घेतलं, खाल्लं, पुन्हा घेतलं. मग आत गेल्या आणि एक बरणी घेऊन आल्या. भाजलेले तीळ, दाणे, मीठ, थोडी साखर, एकत्र कुटलेलं. मुओई वुंग. गरम भातावर तेच घालून त्या दिवशी सगळी खानावळ जेवत होती. आईने चव घेतली आणि मला म्हणाली, "तीळ जरा कमी भाजलेत, पण हात चांगला आहे हो बाईचा." त्यांनी काय ते विचारलं. मी भाषांतर करून सांगितलं की छान आहे. आई म्हणाली, "पूर्ण सांग." पूर्ण सांगितलं. त्या बाई खळखळून हसल्या, तव्याकडे गेल्या आणि मूठभर तीळ आईसमोर नव्याने भाजायला घेतले.

दोघी पाऊण तास तिथे उभ्या होत्या. आम्ही बाहेर स्टुलांवर फिन कॉफी पीत बसलो.

मेतकूट उरलेलं सगळं आई तिथेच देऊन आली. पुढचे पाच दिवस तिने काही मागितलं नाही. मेकाँगकडच्या कान थोच्या बाजारात अळूची देठं पाहून भाव विचारला, बान सेओ मश्रूमचं खाल्लं, मांगुस्तान रोज. चे पाच प्रकारांचं. केळी मात्र एकदाही नाही.

भाकरतुकडा

वडिलांना हे मोठ्याने वाचून दाखवलं. 'तीळ कमी भाजलेत'ला ते म्हणाले, "बाईंनी बरोबर पकडलं."

रानवाटा

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. मेतकूट न्या, आणि जरा जास्तच न्या.

उंबरठा

केळफूल, मुओई वुंग आणि आपलं कूट यांत काय फरक वाटला? खरंच विचारतोय.

केळफूल

आईला विचारून लिहिते. ती म्हणते, आपण लसूण किंवा मिरची घालतो, ते काहीच घालत नाहीत, म्हणून तिळाचा वास नुसता राहतो. आपल्याकडे कूट भाजीत जिरतं, तिथे ते भाताबरोबर एकटंच उभं असतं. चातुर्मासात आपणही असं करायला हवं होतं, असंही म्हणाली. बरणी आणलीय, संपत आली.

शिरवळे

आणि चे करून पाहिलं का काकूंनी?

केळफूल

हो, तुळशीच्या लग्नाला नैवेद्य म्हणून. सालीचे मूग भिजवून, शिजवून, नारळाचं दाट दूध, साखर, चिमूटभर मीठ. ते पांडन नावाच्या झाडाचं पान घालतात वासाला. आमच्या इमारतीखाली कुंडीत बासमतीच्या वासाची अंबेमोहर-पात म्हणून लावलेलं असतं ना, तेच निघालं. शेजाऱ्यांनी नाव विचारलं तर आई म्हणाली, "चे." मणगणं नाही म्हणाली.

सायगावकर

काकूंना सांगा, फेब्रुवारी-मार्चमध्ये मधल्या भागात फारसा पाऊस नसतो. दा नांगहून मी सन तास-दीड तासावर आहे, गाडी मी चालवीन. येताना मेतकूट पावशेर माझ्यासाठी आणि पावशेर हनोईसाठी.

केळफूल

सांगितलं. ती भाजायला बसली आहे.